पानाखालचा कापूस

गेल्या अंकांत गांडुळाची हकीकत दिली होती. ती वाचून बेळगांवच्या एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्या लिहितात: “दर महिन्यास आपण एकेक प्राणी घेऊन त्याचें घरदार, खाणेंपिणें, पोरेंबाळें यांची माहिती देतां. मुलांना ती आवडते. पण हे सगळे जीव एकमेकांचे कोण लागतात, हें मात्र आपण कधींच सांगत नाहीं.” तक्रार अगदीं वाजवी आहे.

मोठ्या घरांत नवी सून आली म्हणजे प्रथम तिला माणसांचीं नांवें सांगतात. परंतु नांवें पाठ झालीं म्हणून घर कळलें असें होत नाहीं. कोण कोणाच्या शब्दाबाहेर नाहीं, कोणाचें कोणावांचून अडतें, आणि कोठीची किल्ली खरोखर कोणाच्या कनवटीस आहे, हें कळावयास दोन-चार वर्षें जावीं लागतात. या सदरांत आतांपर्यंत आपण नांवेंच पाठ करीत होतों. आज घर पाहूं.

ह्या शास्त्राचें नांव मुळीं घरावरूनच पडलें आहे. १८६६ सालीं अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें ‘इकॉलॉजी’ हा शब्द बनविला, तो घर या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून. पुढें १९३५ सालीं टॅन्स्ले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, नुसते जीव मोजून भागणार नाहीं. माती, पाणी, ऊन, वारा हींहि त्याच खातेवहींत लिहिलीं पाहिजेत. या सर्वांच्या एकत्र व्यवहारास आपण मराठींत परिसंस्था म्हणतों. व्याख्या इतकी पुरे. व्याख्येनें हें शास्त्र येत नाहीं. मला तें थोडेंबहुत आलें तें आमच्या घरच्या उंसांत, २००२ सालीं, आणि तेंहि बरेंचसें नाइलाजानें.

आमचें गांव हातकणंगले. मिरजेहून कोल्हापुरास जाणारा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला, त्यावरचें हें स्टेशन. उत्तरेस वारणा व दक्षिणेस पंचगंगा, या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत आमचा तालुका वसला आहे. दोघीहि पुढें कृष्णेस मिळतात. आळत्याजवळच्या रामलिंगाच्या डोंगरावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे जिकडे तिकडे एकच हिरवा रंग दिसतो. तो उंसाचा. लहानपणीं मला त्या रंगाचा अभिमान वाटे. आतां त्या एकसारखेपणाची थोडी भीति वाटते. कारण पुढें येईलच.

घरचा जमिनीचा तुकडा तीन एकरांचा. सांभाळीत असत ते धाकटे काका. आम्ही इतर मंडळी नोकरीनिमित्त बाहेर. परंतु गौरी-गणपतीला सारें घर गांवीं जमावयाचें, हा नियम आजोबांपासूनचा. २००२ च्या भाद्रपदांत आम्ही जमलों तेव्हां काका नेहमींसारखे बोलेनात. आरती झाली, प्रसाद वांटला गेला, आणि मग त्यांनीं दादांना व मला हांक मारून सरळ शेतावर नेलें. बांधावर उभे राहून त्यांनीं एक पान उलटें करून दाखविलें. पानाच्या खालच्या अंगास, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनीं, पिंजलेल्या कापसासारखें कांहीं तरी चिकटलें होतें. बोट लावलें तों तो कापूस हलला.

तोच लोकरी मावा. त्याच वर्षींच्या जुलईंत सांगली जिल्ह्यांत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला, आणि हां हां म्हणतां आमच्या भागांत व पलीकडे कर्नाटकांत पसरला. हिंदुस्थानांत हा किडा पूर्वीं नव्हताच असें नाहीं. बंगाल, आसाम या बाजूंस तो जुन्या काळापासून माहीत होता. परंतु इकडे असा उठाव कोणीं पाहिला नव्हता.

त्याची राहणी थोडक्यांत सांगतों. अंगानें हा किडा तिळाएवढा. पानाच्या शिरेंत आपली सुईसारखी सोंड रुतवून तो रस पितो, आणि अंगावर मेणाच्या पांढऱ्या तंतूंचें पांघरूण विणतो. कापूस दिसतो तो हाच. माद्यांना नराची गरज लागत नाहीं, आणि अंडीं घालण्याचाहि खटाटोप नाहीं. त्या थेट पिलें देतात. पिलें थोड्याच आठवड्यांत स्वतः आया होतात. आतां उंसाच्या रसांत साखर पुष्कळ पण अंग वाढविणारें सत्त्व थोडें. म्हणून तें सत्त्व पुरेसें मिळेपर्यंत माव्याला रस पीतच राहावें लागतें, आणि नको असलेली साखर तो गोड थेंबांच्या रूपानें खालीं टाकून देतो. ते थेंब खालच्या पानांवर पडतात. त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी धरते. पान काळें झालें कीं त्यास ऊन नीट मिळत नाहीं, आणि उंसाची साखर करण्याची चूलच मंदावते. म्हणजे वरचें पान मावा पितो आणि खालचें पान त्याच्या उष्ट्यानें आजारी पडतें. त्या दिवशीं शेतांत शिरून बाहेर आलों तों माझ्या धोतरावर काळे आणि पांढरे असे दोन्ही डाग पडले होते.

पण येवढ्या मोठ्या मुलुखांत हा किडा इतक्या लवकर पसरला कसा? वाऱ्यानें, हें एक. त्याच्यांत पंख असलेल्या माद्याहि निघतात. दुसरें, आपल्याच हातानें. तोडलेल्या उंसाचें वाडें जनावरांस वैरण म्हणून गांवोगांव जातें, त्याबरोबर हे पाहुणेहि गेले. परंतु खरें कारण, माझ्या मतें, तो हिरवा रंग. आमच्याकडे आडसाली ऊंस पावसाळ्यांत लावतात, तो सोळा-अठरा महिने उभा राहतो. पूर्वहंगामी दिवाळीच्या सुमारास, सुरू संक्रांतीच्या पुढें. त्यांवर पुन्हां खोडवा. म्हणजे वर्षाच्या कोणत्याहि दिवशीं कोठें ना कोठें कोंवळें पान तयार. ज्या किड्याला एकाच वनस्पतीवर जगावयाचें आहे त्याला याहून अधिक काय पाहिजे? रानांत तेंच गवत शंभर प्रकारच्या झाडांत विखुरलेलें असतें; एकावरून दुसऱ्यावर जातांना किडा वाटेंत मरतो. येथें पंगत बसलेलीच आहे, आणि वाढणारे आम्ही.

घरीं येऊन त्या रात्रीं ओसरीवर बराच वेळ वाद झाला. दादांचें म्हणणें, औषध मारलेंच पाहिजे. “शेजारच्यांनीं मारलें. आपण हात जोडून बसलों तर त्यांच्याकडची कीडहि आपल्याच शेतांत येईल,” असें ते म्हणाले. दुकानदारानें एक बाटली सुचविली होती. ती माडीवर येऊन पडलीहि होती. काकांना तें पटत नव्हतें, पण न पटण्याचें कारण त्यांना सांगतां येत नव्हतें. ते इतकेंच म्हणत, “चौदा महिन्यांचा ऊंस आहे, रे. माणसाच्या दीडपट उंच. आंत शिरून मारणार कोण आणि कसें?” शेवटीं दादांचा शब्द राहिला. मीहि दादांच्याच बाजूचा होतों, हें येथें लिहून ठेवतों.

दुसऱ्या दिवशीं फवारणीस दोन मुलगे आले. त्यांतला एक सोळा-सतरा वर्षांचा असेल. पाठीवर पंप, तोंडावर नुसतें फडकें. उंच उंसांत औषध वर मारावें लागतें, तें पुन्हां मारणाराच्या अंगावर गळतें. रस्त्याकडचा अर्धा तुकडा होतो न होतो तोंच धाकटा पोरगा घेरी येऊन सरींत पडला. त्याला बाहेर आणलें, कपडे काढून स्वच्छ धुतलें, दवाखान्यांत नेलें. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या बारीक होत्या. रात्रीं तो शुद्धीवर आला आणि पुढें बराहि झाला. परंतु ते सहा-सात तास आमच्या घरांत कोणीं अन्न घेतलें नाहीं. गणपति बसलेले, आणि माजघरांत त्या मुलाची आई भिंतीला टेकून बसलेली.

काकांनीं उरलेली बाटली खड्डा खणून पुरली. (तेंहि चुकीचेंच, हें आतां कळतें.) दादांना ते म्हणाले, “ऊंस गेला तर पुन्हां लावूं. तें पोर गेलें असतें तर त्या बाईला मी काय सांगितलें असतें?” दादा कांहीं बोलले नाहींत. त्यानंतर आमच्या शेतांत त्या वर्षीं औषधाचा थेंब पडला नाहीं. अशा रीतीनें, कोणतेंहि तत्त्व मनांत नसतां, आमच्या शेताचे दोन भाग झाले: रस्त्याकडचा फवारलेला, ओढ्याकडचा न फवारलेला.

दादांची मुलगी तेव्हां अकरा वर्षांची होती. तिला मीं लाल दोऱ्याचें रीळ दिलें आणि सांगितलें कीं दोन्ही भागांत दहा-दहा उंसांना खुणेचा दोरा बांध, आणि दर रविवारीं काकाआजोबांबरोबर जाऊन पानाखालीं काय दिसतें तें वहींत लिही. हें मीं तिचें मन रमावें म्हणूनच केलें. त्या दिवसापासून ती रात्रीं दचकून उठत असे. परंतु पुढें ती वही आम्हां सर्वांच्या उपयोगी पडली.

पहिल्या दोन रविवारच्या नोंदी दादांच्या बाजूनें होत्या. फवारलेल्या भागांत मावा जवळजवळ दिसेनासा झाला होता. न फवारलेल्या भागांत कापूस दाट होता. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र वहींत नवींच नांवें येऊं लागलीं. मुलीला नांवें ठाऊक नव्हतीं, म्हणून तिनें स्वतःच ठेवलेलीं: “जाळींतली अळी”, “तपकिरी चतुर”, “सोंड नसलेला डांस”. हीं सर्व ओढ्याकडच्या भागांत. रस्त्याकडे यांतलें एकहि नाहीं. आणि कार्तिकांत, ऊंस तोडीला येण्याच्या सुमारास, रस्त्याकडच्या पानांवर कापूस पुन्हां दिसूं लागला. तो इतका कीं मुलीनें वहींत “मोजतां येत नाहीं” असें लिहून सोडून दिलें. ओढ्याकडे जुन्या कापसाच्या जागीं नुसतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वेष्टणें आणि माव्याचीं रिकामीं कातडीं उरलीं होतीं.

ती “जाळींतली अळी” म्हणजे डिफा नांवाच्या एका लहान पतंगाची अळी. आपले कित्येक शेतकरी तिला अजून तिच्या जुन्या शास्त्रीय नांवानें, कोनोबाथ्रा म्हणून, ओळखतात. लॅटिन नांव बांधावर इतकें सहज रुळलेलें मीं दुसरें ऐकलें नाहीं. बहुतेक पतंगांच्या अळ्या पाला खातात. ही मांसाहारी. माव्याच्या वस्तींत रेशमाचें आच्छादन विणून त्याखालीं ती राहते आणि एका कडेनें मावा खात जाते. “तपकिरी चतुर” म्हणजे मायक्रोमस; तो चतुर नव्हे, पण जाळीदार पंखांमुळें मुलीची चूक क्षम्य आहे. याची अळी आणि प्रौढ किडा, दोघेहि माव्यावर जगतात. “सोंड नसलेला डांस” कोण हें मात्र आम्हांस आजतागायत उलगडलें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, विष दोघांनाहि मारतें, मग विषानंतर मावाच कां वाढावा आणि त्याचे शत्रु कां नाहींत? याचें उत्तर शेतावर नव्हे, तर समुद्रावर सांपडलें, आणि त्याची कथा घरगुती असल्यामुळें येथें सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धानंतर दांकोना या तरुण इटालियन प्राणिशास्त्रज्ञानें एड्रियाटिक समुद्रावरील बंदरांच्या मासळीबाजारांच्या नोंदी तपासल्या. युद्धाच्या वर्षांत मासेमारी कमी झाली होती. तेव्हां सगळेच मासे सारखे वाढावेत. परंतु नोंदींत दिसलें कीं, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांचें प्रमाणच तेवढें वाढलें होतें. त्यानें ही शंका व्होल्टेरा या नामांकित गणितज्ञास विचारली. व्होल्टेरांच्या मुलीशीं त्याचा विवाह ठरावयाचा होता, तेव्हां भावी सासऱ्यांना उत्तर देणें भागच पडलें असावें! व्होल्टेरांनीं समीकरणें मांडून १९२६ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. त्याच्या आदल्याच वर्षीं अमेरिकेंत लोट्का यांनीं स्वतंत्रपणें तींच समीकरणें दिलीं होतीं.

उत्तराचा मथितार्थ असा. खाणारा आणि खाल्ला जाणारा, या दोघांवर सारखाच घाव घातला तर अखेरीस नुकसान खाणाराचें होतें आणि फायदा खाल्ल्या जाणाराचा. कारण माव्याला पोट भरावयास पान हवें, आणि पान तर शेतभर आहे. डिफाच्या अळीला पोट भरावयास मावा हवा. विषानें मावा मेला म्हणजे विषांतून वांचलेली अळीहि उपाशी मरते. मग चार-दोन मावे जे कोठें तरी पानाच्या घडींत उरले असतील त्यांना हिशेब विचारणारा कोणी राहत नाहीं. आणि त्यांची पैदास तर अशी कीं प्रत्येक मादी स्वतःच एक घराणें. मासेमारी थांबली तेव्हां समुद्रांत जें झालें त्याच्या नेमकें उलट, औषध मारल्यानें आमच्या रस्त्याकडच्या उंसांत झालें.

हा सगळा न्याय एका तीन एकरांच्या तुकड्यावरून लावावयाचा नसतो, हें मी शिक्षक म्हणून जाणतों. त्या वर्षींची थंडी, ओढ्याकडचा ओलावा, शेजारच्या शेतांतून येणारी कीड, यांचाहि वांटा असणार. परंतु आम्हीं अजाणतां केलें तेंच त्या वर्षांत कृषि विद्यापीठें व ऊंस संशोधन केंद्रें जाणून-बुजून करीत होतीं. मावा लागलेल्या उंसावर जाळीचे मांडव घालून त्यांत डिफा आणि मायक्रोमस वाढवीत, आणि अळ्या लागलेलीं पानें शेतकऱ्यांस नेऊं देत. ती पानें दुसऱ्या शेतांतल्या उंसास बांधावयाचीं, येवढीच कृति. पुढें बंगळूरच्या जैविक नियंत्रणाच्या संस्थेच्या पुढाकारानें ईशान्येकडून एन्कार्शिया नांवाची एक चिमुकली गांधीलमाशी दक्षिणेंत आणण्यांत आली. ही माव्याच्या अंगांतच अंडें घालते. तिचें पिलूं आंतून मावा खाऊन बाहेर पडतें. ज्या मुलुखांत मावा जुना होता त्या मुलुखांत त्याचा हा वैरीहि जुना होता. मावा इकडे एकटा आला आणि वैरी मागें राहिला, म्हणून तर इतका अनर्थ. कांहीं वर्षांत हे तिन्ही शत्रु येथें स्थिरावले आणि माव्याचा तो उठाव पुन्हां तसा झाला नाहीं. मावा नाहींसा झाला असें मात्र समजूं नये. तो आहे, त्याचे शत्रुहि आहेत. आणि शत्रु जिवंत राहावयाचे तर थोडा मावा असलाच पाहिजे. ही गोष्ट दादांना पटावयास सर्वांत कठीण गेली. “म्हणजे कीड पाळावयाची काय?” असें ते अजूनहि म्हणतात.

नफातोट्याचें विचाराल तर त्या हंगामांत आम्हांस तोटाच झाला. ओढ्याकडचा ऊंसहि नेहमींपेक्षां हलका भरला. शत्रु येईपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत मावा जें प्यायचें तें प्यालाच होता. काकांनीं त्याबद्दल कधीं तक्रार केली नाहीं. वहिनींनीं मात्र त्या वर्षीं दिवाळीचीं लुगडीं घेतलीं नाहींत.

मुंग्यांविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या आत्याबाईंचा नेम, रोज सकाळीं तुळशीपाशीं मुंग्यांना चिमूटभर साखर घालावयाची. शेतांतल्या मुंग्यांची साखर माव्याकडून येते. ते गोड थेंब त्यांना हवे असतात. त्या मोबदल्यांत कित्येक जातींच्या मुंग्या माव्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पुतणीनें हें वाचून आत्याबाईंना सांगितलें कीं, “आजी, तुमच्या मुंग्या चोराच्या घरीं पहारेकरी आहेत.” आत्याबाई म्हणाल्या, “असूं देत. त्यांनाहि पोट आहे.” परिसंस्थेचा इतका सरळ अर्थ मला एखाद्या ग्रंथांत क्वचितच आढळला आहे, अर्थात् त्या उत्तरानें माव्याचा बंदोबस्त होत नाहीं, हें खरें.

भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे ही अशी सोयरिक. ऊंस ऊन खातो, मावा ऊंस पितो, डिफाची अळी मावा खाते, आणि त्या अळीवरहि टपलेले परोपजीवी किडे असतातच. प्रत्येक पायरीवर बहुतेक सारा ऐवज श्वासोच्छ्वासांत व हालचालींत खर्ची पडतो. लिंडेमन या अमेरिकन संशोधकाच्या १९४२ सालच्या निबंधापासून ढोबळ मानानें असें धरतात कीं वरच्या पायरीस सुमारें दशांशच पोंचतो. म्हणून ऊंस एकरांनीं, मावा लाखांनीं, पण अळ्या मोजक्या. घराची उपमा मात्र फार ताणूं नये. येथें कोणी कर्ता पुरुष नाहीं, कोणी कोणाचें भलें इच्छीत नाहीं. प्रत्येक जण आपल्यापुरतें पाहतो, आणि तरीहि हिशेब बहुधा जुळत राहतो.

बहुधा म्हटलें, कारण कधीं कधीं तो जुळत नाहीं, आणि तेव्हां कोणताहि किडा मदतीस येत नाहीं. आमच्या शेताचा ओढ्याजवळचा खालचा कोपरा गेलीं कांहीं वर्षें पांढरा पडत चालला आहे. हा कापूस पानाखालचा नव्हे. मातीवरचा आहे, आणि तो क्षारांचा आहे. काळ्या जमिनीला पाणी लवकर सोडवत नाहीं. उंसाला मागेल त्याहून अधिक पाणी दिलें कीं खालची पाण्याची पातळी वर येते. दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें तें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठापर्यंत चढतें. ऊन पाणी नेतें आणि विरघळलेले क्षार मागें टाकतें. मग मुळांना शेजारीं ओल असूनहि पाणी ओढतां येत नाहीं. प्रथम गांडुळें जातात, मग ऊंस पिवळा पडतो, शेवटीं लव्हाळाहि नीट उगवत नाहीं. आमच्या आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यांत अशी क्षारपड व पाणथळ जमीन पुष्कळ आहे. काकांनीं पहिला पांढरा डाग पाहिला तेव्हां तो त्यांना खताचा वाटला होता.

उपाय आहे. जमिनीच्या पोटांत सच्छिद्र नळ घालून जादा पाणी आणि क्षार ओढ्याला काढून द्यावयाचे. शिरोळकडे शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन अशीं कामें केलीं आहेत आणि नापीक जमिनींत पुन्हां ऊंस उभा केला आहे. परंतु नळ एकट्याच्या शेतांत घालून भागत नाहीं. आमच्या शेतांतलें पाणी ओढ्याला जावयाचें तर तें खालच्या दोन शेतांतून जाईल. त्यांचीहि संमति हवी, खर्चांतहि वांटा हवा. त्यांतील एक गृहस्थ म्हणतात, “पाणी तुम्हीं वरून जास्त सोडतां म्हणून आमचें बिघडलें.” हें निखालस खोटें आहे असें मला म्हणवत नाहीं. दादांचें वय झालें आहे. त्यांच्या मतें जमीनच विकून टाकावी. पुतणी आतां मिरजेस शाळेंत विज्ञान शिकविते. ती म्हणते, पाटानें पाणी देणें बंद करून ठिबक बसवावें, आणि त्या कोपऱ्यांत दोन वर्षें ऊंस न लावतां ताग, धैंचा घेऊन पाहावा. काका आतां नाहींत. गेल्या गणपतींत पुन्हां त्याच ओसरीवर तोच वाद झाला, आणि या वेळीं कोणाचाच शब्द शेवटचा ठरला नाहीं. खालच्या शेतकऱ्यांना बोलावून एकदां सर्वांनीं बसावें, इतकें ठरलें आहे. मार्गशीर्षांत बैठक आहे.

शहरांतील वाचकांस ऊंस कोठून मिळणार, अशी शंका येईल. परंतु हें सारें नाट्य वाड्याच्या परसांतहि चाललेलें असतें. शनिवारीं मारुतीला घालण्यासाठीं रुईचीं पानें आणतात. तीं धुण्यापूर्वीं एकदां नीट पाहावींत. कोंवळ्या शेंड्याशीं किंवा पानाच्या खालच्या बाजूस हळदीच्या रंगाचे, काळ्या पायांचे बारीक किडे पुष्कळदां असतात. तोहि मावाच, रुई-कण्हेरीवरचा. अशी एक डहाळी पाण्याच्या बाटलींत खोंचून ठेवावी आणि वरून पातळ फडकें बांधावें. रुईचा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये; मुलांस हात धुवावयास लावावे. नीट पाहिलें तर त्याच माव्यांत एखादी हिरवट, डोकें नसल्यासारखी दिसणारी अळी वळवळतांना सांपडेल, किंवा पाठीवर ठिपके असलेला लाल-नारिंगी भुंगा. यांना काढून टाकूं नये. एका डहाळीवर ते राहूं द्यावेत, दुसरीवरून उचलून दूर करावेत, आणि दोन्हींवरचा मावा आठ दिवस रोज मोजावा. मोजणारास रीळभर लाल दोरा द्यावा. ज्या घरांतून आंकडे येतील ते पौषाच्या अंकांत छापूं.